नितळ दिसते म्हणून शुद्ध असेल?

जुलै महिन्यात खडकवासला चौपाटीवर कणीस खात उभे राहिले की धरणाचे पाणी दुधाच्या चहासारखे दिसते. वरच्या बाजूला आंबी, मोसी आणि मुठा या नद्या डोंगरउतारावरची माती घेऊन पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांत उतरतात आणि तिथून ते पाणी खडकवासल्यात येते. त्या दिवसांत पुण्यात पाणी उकळून प्या, असे कोणी मुद्दाम सांगावे लागत नाही. नळाला फडके बांधले जाते, पिंपात तुरटी फिरवली जाते, गॅसवर पातेले चढते. कारण पाणी गढूळ आहे, हे डोळ्यांना दिसत असते.

जानेवारीत चित्र उलटे असते. पाऊस संपून तीन महिने झालेले असतात, गाळ खाली बसलेला असतो, पाणी निवळलेले असते. फडके केव्हाच सुटलेले असते आणि पातेलेही फडताळात गेलेले असते. पण २०२५ साली खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, धायरी आणि सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम म्हणजेच जीबीएसचा उद्रेक झाला तो जानेवारीतच. मार्चपर्यंत पुणे परिसरातील संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काहींना कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागले, काही दगावले.

पाणी दिसायला स्वच्छ असणे आणि ते पिण्यायोग्य असणे यांत किती अंतर आहे, हे त्या हिवाळ्याने दाखवून दिले. हे अंतर डोळ्यांनी कळत नाही, ते मोजावे लागते. ते कसे मोजतात आणि त्या मोजमापाची मर्यादा कुठे संपते, हे प्रत्येक घराने समजून घेण्यासारखे आहे.

जुलाबानंतर पायांतली शक्ती का जाते?

जीबीएस हा स्वतः संसर्गजन्य आजार नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची रोगप्रतिकारशक्ती गोंधळते आणि आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पुण्यातील काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडला. या जिवाणूच्या आवरणावरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखेच असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग मज्जातंतूंनाही शत्रू समजतात. जुलाब होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढता येत नाही, अशक्तपणा पायांकडून वर सरकू लागतो. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. म्हणून जीबीएसचे शंभर रुग्ण दिसू लागले, की त्यामागे साधे जुलाब होऊन गेलेले हजारो लोक असू शकतात.

हा जिवाणू अर्धकच्च्या कोंबडीच्या मांसातूनही पसरतो, त्यामुळे दरवेळी सगळा दोष पाण्यावर ढकलता येत नाही. मात्र त्या उद्रेकात तपासाचा मोठा रोख पाण्यावर होता. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही गावे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. घरे झपाट्याने वाढली, पाण्याची व्यवस्था मात्र त्या वेगाने वाढली नाही. विहिरी, टँकर, बोअर आणि खासगी आरओ केंद्रांचे जार यांवर अनेक कुटुंबे अवलंबून होती. तपासणीत दूषित पाणी आढळल्यावर काही खासगी केंद्रांना टाळे ठोकण्यात आले. त्या जारमधले पाणी दिसायला मात्र स्वच्छच होते.

रंग वेगळा, गढूळपणा वेगळा

कोरा चहा आणि पाणी घातलेले ताक शेजारी शेजारी ठेवा. चहाला गडद रंग आहे, पण काचेच्या पेल्यातून पलीकडची अक्षरे वाचता येतात. ताकाला फारसा रंग नाही, पण पलीकडचे काही दिसत नाही. चहात विरघळलेले पदार्थ प्रकाशातील काही रंग शोषून घेतात. ताकातले बारीक कण मात्र प्रकाश इकडेतिकडे उधळतात. पहिला गुण रंगाचा, दुसरा गढूळपणाचा. पाण्यात दोन्ही एकत्र असू शकतात आणि डोळ्यांना त्यांची सरमिसळ होते. म्हणून प्रयोगशाळेत ते वेगवेगळे मोजतात.

डॉक्टरांना हा फरक रोज भेटतो. कमी पाणी प्यायलेल्या माणसाची लघवी गडद पिवळी पण स्वच्छ असते. जंतुसंसर्ग झालेल्याची लघवी फिकट असूनही धूसर दिसू शकते. मेंदूज्वराचा संशय असेल तर पाठीतले पाणी काढून ते उजेडाकडे धरून पाहतात. निरोगी माणसात ते नितळ असते, पू तयार झाला असेल तर धूसर. पण एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे दोनशे पेशी जमेपर्यंत डोळ्यांना धूसरपणा कळतच नाही. जीबीएसची गंमत अशी, की त्यात पाठीतल्या पाण्यातील प्रथिने वाढतात, पेशी मात्र वाढत नाहीत. त्यामुळे आजार गंभीर असूनही ते पाणी नितळच दिसते. गियाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली दोन सैनिकांच्या तपासणीतून हेच वैशिष्ट्य नोंदवले होते. तेही डोळ्यांनी नव्हे, प्रथिने मोजल्यावर कळले.

मेणबत्तीपासून प्रकाशकिरणापर्यंत

गढूळपणा मोजण्याची जुनी पद्धत अगदी सोपी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅक्सन मेणबत्ती मापक वापरत. उभ्या काचेच्या नळीखाली मेणबत्ती पेटवायची आणि वरून पाहत नळीत पाणी ओतत जायचे. ज्योत दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजायची. पाणी जितके गढूळ तितकी ज्योत लवकर हरवते. अडचण एवढीच, की २५ एककांपेक्षा कमी गढूळपणा त्यात मोजता येत नसे. म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी ते यंत्र जवळजवळ निरुपयोगी होते.

आजचे यंत्र, टर्बिडिटी मीटर, ज्योत हरवण्याची वाट पाहत नाही. काचेच्या छोट्या बाटलीतल्या पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि झोताच्या काटकोनात एक संवेदक ठेवतात. पाणी पूर्ण स्वच्छ असेल तर झोत सरळ निघून जातो, बाजूच्या संवेदकाला जवळपास काहीच मिळत नाही. कण असतील तर ते प्रकाश बाजूला उडवतात. बंद खोलीत कवडशातली धूळ आपल्याला बाजूने दिसते, तोच हा प्रकार. हा बाजूला आलेला प्रकाश मोजून जो आकडा मिळतो त्याचे एकक एनटीयू.

पण एक एनटीयू म्हणजे किती, हे ठरवायला माप लागते. त्यासाठी फॉर्माझिन नावाचा पांढरा, दुधाळ द्रव वापरतात. दोन रसायनांची द्रावणे ठरावीक प्रमाणात मिसळली की तो तयार होतो आणि दरवेळी जवळजवळ सारखाच तयार होतो. त्याचे मूळ द्रावण ४००० एनटीयूचे, त्यातून पातळ करत खालची मापे बनवतात. हे माप पाण्यासाठी जन्मलेले नाही. १९२६ मध्ये ते लघवीतील अल्ब्युमिन मोजण्यासाठी सुचवले गेले. लघवीत आम्ल घातले की प्रथिने साकळून धूसरपणा येतो, त्या धूसरपणाची तुलना करायला स्थिर माप हवे होते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले माप पुढे जलशुद्धीकरण केंद्रात गेले.

रंगाचे मापही असेच जुने आहे. अमेरिकी अभियंता ॲलन हेझन यांनी १८९२ मध्ये प्लॅटिनम आणि कोबाल्टच्या क्षारांचे पिवळसर द्रावण माप म्हणून सुचवले. आजही पाण्याचा रंग हेझन एककात सांगतात. खरा रंग मोजायचा तर पाणी आधी बारीक गाळणीतून गाळतात, नाहीतर गढूळपणाच रंग म्हणून मोजला जातो. उलटही घडते. गडद रंग प्रकाश शोषून घेतो आणि गढूळपणाचा आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून काही यंत्रांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात, त्यात रंगाची अडचण कमी होते.

ही कामे नेटकेपणाने केली नाहीत तर यंत्रही फसते. बाटलीवर बोटाचा ठसा, ओरखडा किंवा पाण्यात हवेचा बुडबुडा असेल तरी आकडा वाढतो. तपासनीस बाटली पुसून, थोडे थांबून मगच मोजतो, त्याचे कारण हे आहे.

क्लोरीनला आडोसा

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त ५ पर्यंत चालवून घ्यावा. रंगासाठी हेच आकडे ५ आणि १५ हेझन आहेत. आता यातला कळीचा मुद्दा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ४ एनटीयूच्या खालचा गढूळपणा नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणजे नळाचे पाणी मर्यादेच्या तिप्पट गढूळ असले, तरी पेल्यात ते नितळ दिसेल.

एवढ्याशा धूसरपणाने काय बिघडते? माती स्वतः फारसा आजार करत नाही. पण मातीचे, शेवाळाचे, मैल्याचे कण जंतूंना आडोसा देतात. क्लोरीन कणाच्या आत पोहोचत नाही. शिवाय सेंद्रिय कणांशी झुंजण्यातच बराचसा क्लोरीन खर्च होऊन जातो. म्हणून गढूळ पाण्यात नेहमीइतकीच टीसीएल पावडर टाकून भागत नाही. घरातल्या यूव्ही फिल्टरचेही तेच. अतिनील किरण कणांच्या सावलीत पोहोचत नाहीत.

पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रात म्हणूनच क्रम ठरलेला असतो. आधी तुरटी किंवा तत्सम रसायनाने कणांचे पुंजके करायचे, ते खाली बसू द्यायचे, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचे. पाणी आधी निवळायचे आणि मग निर्जंतुक करायचे. हा क्रम आपल्या घरांनाही नवा नाही. निवळीची बी घासून पाणी स्वच्छ करायची जुनी रीत म्हणजे पहिली पायरी होती. गाळण्याची पायरी वगळून थेट क्लोरीन दिलेले पाणी या क्रमातली मधली कडी गमावते.

१९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहराने याची किंमत मोजली. तिथल्या एका जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा काही दिवस वाढून १.७ एनटीयूपर्यंत गेला. नळाशी कोणाच्या डोळ्यांना हा बदल सहज कळला नसता. पण त्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरीनला दाद न देणारा परजीवी घराघरांत पोहोचला. अंदाजे चार लाख लोकांना जुलाब झाले. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या अनेकांचा मृत्यू झाला. यंत्राने इशारा दिला होता, त्याचा अर्थ वेळेत लावला गेला नाही.

आकडा छान, तरी धोका

मग एनटीयू एकच्या खाली आला की निश्चिंत व्हावे का? इथे दुसरी बाजू पाहायला हवी. गढूळपणाचे यंत्र कण पाहते, जंतू ओळखत नाही.

रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे पाहण्यासाठी जिवाणूंचे द्रावण बनवतात. त्याचा धूसरपणा ०.५ मॅकफार्लंड या मापाशी जुळवतात. उजेडात नळी धरली तर द्रव जेमतेम धुरकट दिसतो. त्या जेमतेम धुरकट द्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू असतात. उलट कॅम्पिलोबॅक्टरचे आजारपण यायला काही शे जिवाणू पोटात गेले तरी पुरते. काही शे जिवाणू पेलाभर पाण्यात मिसळले तर पाणी धुरकट होणे दूरच, चांगल्या यंत्राचा आकडाही हलणार नाही. नोरोव्हायरस तर जिवाणूच्याही कित्येक पटींनी लहान.

म्हणून गढूळपणाचा आकडा एकटा कधीच पुरेसा नसतो. त्याच्या जोडीला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, पाण्यात क्लोरीन उरला आहे का. नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. तो असेल तर वाटेत शिरलेल्या थोड्याफार जंतूंचा बंदोबस्त होतो. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक करतात ती ओटी टेस्ट यासाठीच. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते आणि पिवळेपणावरून प्रमाण कळते. अलीकडे गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणीही वापरतात. दुसरी गोष्ट जंतूंची थेट तपासणी. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. गावपातळीवर एचटूएसची बाटली असते. तीत पाणी भरून ठेवले आणि एक-दोन दिवसांत ते काळे झाले, तर मैल्याचे पाणी मिसळल्याचा संशय घ्यावा. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट या चाचण्या रंगात बदलून दाखवतात.

खासगी आरओ केंद्रांची गफलत इथेच होते. आरओ पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून कार्बनच्या गाळणीतून तो आधी काढून टाकतात. पाणी अतिशय नितळ होते, पण पूर्णपणे निराधारही होते. टाकी, नळी, जार किंवा हात यांपैकी काहीही अस्वच्छ असेल, तर त्या पाण्यात जंतूंना अडवणारे काही उरलेले नसते.

प्लास्टिकही बोलते

पाणी आपण बहुतेक वेळा प्लास्टिकमधून पाहतो. त्यामुळे प्लास्टिकचा धूसरपणाही महत्त्वाचा ठरतो. कारखान्यात तो हेझ मीटरने मोजतात. प्लास्टिकच्या तुकड्यातून प्रकाशाचा झोत सोडतात आणि पलीकडे आतून पांढरा असलेला पोकळ गोल ठेवतात. आरपार आलेल्या प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश मूळ दिशेपासून अडीच अंशांपेक्षा जास्त वळला, तो आकडा म्हणजे हेझ. काचेसारख्या प्लास्टिकमध्ये तो फार कमी असतो. तो ३० टक्क्यांच्या पुढे गेला की त्या वस्तूला पारदर्शक म्हणत नाहीत.

सलाइनच्या बाटलीसाठी हा आकडा जिवाशी निगडित आहे. बाटली लावण्यापूर्वी परिचारिका ती उजेडाकडे धरते. औषध कारखान्यात अशीच तपासणी काळ्या आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर करतात. काळ्यावर पांढरे कण दिसतात, पांढऱ्यावर काळे. बाटलीच धूसर असेल तर आतली बुरशी किंवा कण लपून जातात.

वीस लिटरचा निळा जार याच्या उलट काम करतो. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा झाकायला आपण नीळ वापरतो. निळसर प्लास्टिकमधून पाहिलेल्या पाण्याची किंचित पिवळसर छटाही तशीच झाकली जाते. त्यात जार वर्षानुवर्षे फिरून ओरखडलेला असेल, तर पाण्याचा धूसरपणा कोणता आणि प्लास्टिकचा कोणता, हे सांगता येत नाही. जारकडे पाहून पाण्याची पारख करू नये. रंगहीन काचेच्या स्वच्छ पेल्यात पाणी घ्यावे, मागे काळा कागद धरावा आणि बाजूने उजेड सोडावा. तरीही हे लक्षात ठेवावे, की पेल्यात काही दिसले तर ती धोक्याची खूण आहे, पण काही न दिसणे ही सुरक्षिततेची खूण नाही.

घरी काय करावे?

पाणी गढूळ दिसले तर आधी ते स्थिर ठेवावे, तुरटी फिरवून निवळू द्यावे, सुती कापडाच्या चार पदरांतून गाळावे आणि मगच उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे. पाण्याला खळखळून उकळी आली की किमान एक मिनिट तशीच राहू द्यावी. नंतर झाकून, त्याच भांड्यात गार करावे. मेडिक्लोरसारखे औषध घातल्यावर अर्धा तास थांबून मगच पाणी वापरावे. प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते. यूव्ही किंवा आरओ यंत्र असेल तर त्याची गाळणी वेळेवर बदलावी.

पाणी नितळ दिसत असेल, पण ते विहिरीचे, टँकरचे, बोअरचे किंवा जारचे असेल, तर ऋतू न पाहता हीच काळजी घ्यावी. पुण्यातल्या उद्रेकाने शिकवलेला धडा हाच आहे. जुलाबानंतर दोन-तीन आठवड्यांत पायांत मुंग्या, चालताना अडखळणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असे काही जाणवले, तर घरी थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जीबीएसवर इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदलण्याचे उपचार उपलब्ध आहेत. ते लवकर सुरू झाले तर अधिक उपयोगी पडतात. बहुतेक रुग्ण बरे होतात, जरी पूर्ववत व्हायला काही महिने लागले तरी.

आणि आणखी एक काम घराबाहेरचे आहे. सोसायटीच्या बैठकीत पार्किंग आणि लिफ्ट यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्यातली पाच मिनिटे पाण्याच्या आकड्यांना द्यावीत. टाकी शेवटची कधी धुतली, टँकरच्या पाण्याचा गढूळपणा किती एनटीयू आहे, नळाशी क्लोरीन किती उरतो, ई. कोलायची तपासणी कधी झाली? हे चार प्रश्न टँकरवाल्याला, जारवाल्याला आणि प्रशासनाला विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. "पाणी एकदम क्लिअर आहे" हे त्याचे उत्तर नव्हे. उत्तर आकड्यांत आणि तारखेसह मिळाले पाहिजे.